अनसामावशी आणि सतरावा मैल

अनसामावशींच्या घरात काल ठेवलेली वस्तू आज त्याच जागी सापडेल याची खात्री नसायची. मलकापुरात हायवेच्या अलीकडच्या गल्लीत त्यांची मेस होती. खालच्या दोन खोल्यांत पोरांची पंगत बसायची आणि वरची एक खोली त्या भाड्यानं द्यायच्या. त्या वरच्या खोलीत मी पाच वर्षं राहिले. माझं घर सांगलीला आणि नोकरी कराडच्या ज्युनियर कॉलेजात, भूगोल शिकवायची. पहिल्याच महिन्यात एकदा संध्याकाळी दार उघडलं, तर माझी कॉट खिडकीपासून उचलून भिंतीकडे लावलेली.

"तिकडं वारं लागत हुतं तुमास्नी," मावशी जिन्यातूनच ओरडल्या.

आठ दिवसांनी कॉट पुन्हा खिडकीशी आली. या वेळी कारण उन्हाचं होतं. पुढं पुढं मी कारण विचारणं सोडलं. खाली तर महिन्याला एकदा मांडणी इकडची तिकडं व्हायची, पिंप दारातून मोरीत जायचं, बाकडी उभ्याची आडवी व्हायची. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा लष्करी गणवेशातला फोटो होता. तोही फिरायचा. चारही भिंतींवर खिळे होते.

मावशी साठीच्या पुढच्या. काटक, उंच, कासोटा घालून नेसलेलं लुगडं, पायात कायम चपला, घरातसुद्धा. जेवायच्या उभ्यानं, डाव्या हातात ताटली धरून, दाराबाहेर बघत. कराडच्या मंडईत रोज चालत जायच्या आणि दोन पिशव्या घेऊन चालतच यायच्या. रिक्षावाले ओळखीचे होते, हाका मारायचे. "तुजी रिक्षा सुरू हुईस्तोवर मी घरी जाती," असं म्हणून त्या पुढं. त्यांना कुणी काही सांगायला लागलं की दुसऱ्या वाक्याला त्या म्हणायच्या, "बरं, मग?" माणूस गडबडून शेवटावर उडी मारायचा. मी एकदा त्यांना माझ्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगायला बसले होते. साडेतीन वर्षांचा संसार मी चार मिनिटांत संपवला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सुटला न्हवं? मग झालं तर. कांदं चिरा." तेवढं बोलणं मला पुढं पुष्कळ दिवस पुरलं.

शांतता मात्र त्यांना सोसायची नाही. स्वयंपाकघरात रेडिओ चालू, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू, नळाखाली बादली. परीक्षेच्या दिवसांत मेसची पोरं अभ्यासाला बसली आणि घर जरा गप्प झालं, की मावशी उगाच पितळी डबे काढून घासायला घ्यायच्या.

नवरा मिलिटरीत ड्रायव्हर होता आणि बॉर्डरवर गेला, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं एका सव्वीस जानेवारीला कळलं. त्यांचं सासर कोरेगावच्या बाजूला. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. वेशीत एक उंच काळा दगड उभा केलेला आहे, त्यावर कामी आलेल्या जवानांची नावं. दर सव्वीस जानेवारीला दगडाला हार घालतात आणि त्या घरच्या बायकांना बोलावून साडी-नारळ देतात. मावशी दरवर्षी जायच्या, मागं उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. कारण त्यांच्या नवऱ्याचं नाव दगडावर नव्हतं. तो लढाईत गेला नव्हता. नथुला खिंडीच्या वाटेवर बर्फात ट्रक घसरून गेला होता. गावातल्या जाणत्यांचं म्हणणं, अपघात निराळा आणि वीरमरण निराळं.

त्या वर्षी माइकवर नवा माणूस होता. त्यानं कुणाच्या तरी यादीवरून मावशींचं नाव पुकारलं. मावशी पुढं गेल्या. साडीला हात लावला, तेवढ्यात मागून एक जण आला आणि माइकवाल्याच्या कानात बोलला. माइकवाला म्हणाला, "मावशी, जरा थांबा हां, चूक झाली." माइक चालूच होता. अख्ख्या गावानं ऐकलं.

दुपारी त्या मलकापुरात परत आल्या. कपडे न बदलता चार किलो मिरची कांडायला घेतली. शिंकून शिंकून माझी वरच्या खोलीत वाट लागली. खाली आले तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं, मुसळ न थांबवता.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल," मी म्हणाले.

"साडी मोरपिशी हुती," त्या म्हणाल्या. "मला तसा बी मोरपिशी रंग आवडत न्हाई." आणि मग एकदम, "म्याडम, तुमी भूगोल शिकवता न्हवं? ती नथुला कुठं आली?"

मी वर जाऊन नकाशा आणला. सिक्कीम दाखवलं, गंगटोक दाखवलं, चीनची हद्द दाखवली. त्यांनी तिखटानं माखलेलं बोट हद्दीच्या रेषेवर ठेवलं.

"हितं माणसं जात्यात का? आपल्यासारखी?"

"जातात. परवाना काढून. सकाळी नेतात आणि दुपारपर्यंत खाली आणतात."

"आन् सतरावा मैल कुठं आला?"

तो माझ्या नकाशात नव्हता.

एप्रिलच्या शेवटी इस्लामपूरच्या निवृत्त शिक्षकांची एक सहल दार्जिलिंग-गंगटोकला निघाली होती. त्यात दोन जागा होत्या. मावशींनी पंधरा दिवस मेस बंद ठेवली. मी तिथं राहायला आल्यापासून ती एक दिवसही बंद नव्हती. गाडीत त्या बर्थवर टेकल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. नागपूर यायच्या आत डब्यातल्या प्रत्येकाचं गाव त्यांना माहीत झालं होतं, बिलासपूरला त्या एका परक्या बाईचं तान्हं मूल खांद्यावर टाकून फेऱ्या घालत होत्या. दार्जिलिंगला सगळे सूर्योदय बघत होते आणि मावशी जीपच्या ड्रायव्हरांना विचारत होत्या, "भैया, इधर से नथुला कितना?"

गंगटोकला परवान्याचे फॉर्म भरले. फोटो, ओळखपत्र, सगळं दिलं. संध्याकाळी टूर मॅनेजर अमोल एका डॉक्टरला हॉटेलवर घेऊन आला. वर चौदा हजार फूट, हवा विरळ, म्हणून साठीच्या पुढच्यांचा रक्तदाब तपासायचा होता. मावशींचा फारच वर निघाला. डॉक्टरनं पुन्हा तपासला. आणखी वर.

"मावशी, तुम्ही उद्या हॉटेलवरच आराम करा," अमोल म्हणाला. पोरगा चांगला होता, पण घाबरला होता. "वर काही झालं तर माझी जबाबदारी आहे. परवा आपण फुलांचं प्रदर्शन बघू."

"मी फुलं बघाया आलीया व्हय?"

"अहो मावशी, जिवापेक्षा काय जास्त आहे का?"

मावशी तिथून उठल्या. खोलीत आल्या आणि खोलीतल्या दोन्ही खुर्च्या त्यांनी उचलून दुसऱ्या भिंतीला लावल्या. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागल्या. त्यांना जागा मिळावी म्हणून मी कॉटवर पाय वर घेऊन बसले. त्या चालता चालताच बोलल्या आणि मी मध्ये एकदाही "बरं, मग?" म्हटलं नाही.

नवरा गेला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. जानेवारीचा महिना. पलटणीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, सतराव्या मैलाजवळ बर्फावरून ट्रक घसरून खाली गेला, जागीच मृत्यू. वाट बंद होती म्हणून तिकडंच अग्नी दिला. घरी अस्थी आल्या आणि एक पत्र्याची ट्रंक आली. त्यानंतर चार महिन्यांनी, उन्हाळ्यात, बाबूराव नावाचा एक जवान रजेवर आला. इस्लामपूरच्या पलीकडच्या वस्तीवरचा. मागच्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. तो आला आणि सासू-सासऱ्यांच्या समोर म्हणाला, वैनी, संपत जागीच गेला न्हाई. दिवस मावळताना गाडी गेली. खालनं तो हाका मारत होता. दोर पुरला नाही, उतरता येईना, बर्फ पडत होतं. आमी तिघं जण वरनं त्याला उत्तर देत होतो. तो बोलायचा, आमी बोलायचो. उजाडायच्या आत तो गप्प झाला.

"मी त्येला म्हनलं, खोटारड्या," मावशी म्हणाल्या. "म्हनलं, हजार फूट दरीतनं मानसाचा आवाज येतोय व्हय? तुमी त्येला टाकून पळाला आन् आता गोष्टी रचताय. हातात तांब्या हुता, पानी द्याया आनल्याला. त्यो मी त्येच्या पायाशी आदळला. बिचारा पानी न पिता गेला. पुन्यांदा कवा आला न्हाई."

थोडा वेळ नुसत्या चपला वाजत राहिल्या.

"चाळीस वरसं झाली. रोज वाटतंय, त्यो खोटं बोलला आसंल तर बरं. आन् रोजच वाटतंय, खरं बोलला आसंल तर? मला फकस्त बघायचंय म्याडम. तितनं आवाज येतोय का न्हाई, तेवढंच बघायचंय."

मी उठले आणि खाली जाऊन अमोलला गाठलं. माझ्या जबाबदारीवर त्यांना नेते असं एका कागदावर लिहून सही केली. मी काही धाडसी बाई नाही. डॉक्टरनं एक गोळी रात्री आणि एक सकाळी द्यायला सांगितली आणि ओठ निळे दिसले तर लगेच खाली आणा, असं तीन वेळा बजावलं.

सकाळी आमच्या गाडीत मावशी, मी आणि तिघं शिक्षक. ड्रायव्हरचं नाव कर्मा, तिथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहिल्या नाक्यावर परवाने तपासले. तिथून पुढं फोटो काढायचे नाहीत. वळणावळणाला पाट्या, बंकर, दर थोड्या अंतरावर बंदूकवाला जवान, आणि समोरून लष्कराच्या ट्रकांची रांग. प्रत्येक ट्रक शेजारून गेला की मावशी मान वळवून त्याच्या ड्रायव्हरकडं बघायच्या. मी त्यांच्या ओठांकडं बघायची.

"भैया, सतरा मैल आया तो बोलना," त्यांनी कर्माला तिसऱ्यांदा सांगितलं.

"बोलूंगा माताजी. लेकिन वहाँ रुकना मना है. ऊपर से पत्थर गिरता है."

एका लांबट वळणावर त्यानं वेग जरा कमी केला आणि म्हणाला, "यही है." बाहेर पांढरं धुकं होतं. मावशींनी काचेला तोंड लावलं. धुक्यापलीकडं काही दिसलं नाही आणि वळण संपलं.

"गेलं?" त्यांनी मला विचारलं.

"गेलं."

पुढं वरपर्यंत त्या हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या.

वर फोन गाडीतच ठेवायला लावले. खिंडीपर्यंत दगडी पायऱ्या आहेत. दहा पायऱ्या चढल्या की छाती भरून यायची. मावशी पंधरा चढायच्या, कठड्याला धरून उभ्या राहायच्या, आणि मी काही म्हणायच्या आत सोळावी. माथ्यावर तारेचं कुंपण, पलीकडं चिनी इमारत, दोन चिनी सैनिक आपल्याकडं बघत उभे. आमचे शिक्षक हरखून गेले होते. एक तरुण जवान माहिती देत होता. कुंपणाजवळ जाऊ नका, पलीकडं बोट दाखवू नका, हाका मारू नका. आमचं आपापसातलं बोलणं ऐकून तो एकदम मराठीत म्हणाला, "कुठलं गाव?"

"मलकापूर. कराडचं."

"आमी फलटणचं!" त्याचा थंडीनं लाल झालेला चेहरा फुलला. "मावशी, हिकडं या, हितनं नीट दिसतंय. त्यो बघा चीन."

मावशींनी चीनकडं पाठ केली होती. त्या खाली, आलेल्या रस्त्याकडं बघत होत्या.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "मला सतराव्या मैलाला पाच मिन्टं उतरायचंय. माजा मालक तितं गेलाय. संपत मारुती. ड्रायव्हर हुता."

त्या पोरानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं कवा, कसं, असलं काही विचारलं नाही. "थांबा हितंच," म्हणाला आणि वरच्या खोपट्यात गेला. बराच वेळ आला नाही. सहलीला दिलेली वेळ संपत आली, अमोल खालून हात हलवायला लागला, मावशींचे ओठ मला निळसर वाटू लागले, का नुसता भास होता, कळेना. मी चला म्हणाले. त्या हलल्या नाहीत. संबंध पाच वर्षांत एका जागी एवढा वेळ उभ्या राहिलेल्या मी त्यांना तेव्हाच बघितलं.

पोरगा धापा टाकत आला. "साहेबांनी खालच्या चौकीला फोन केलाय. तितला एक जवान गाडीत बसंल. त्यो म्हणंल तितं थांबायचं, त्यो म्हणंल तवा निघायचं. पाच मिन्टं. जास्त न्हाई, मावशी."

मावशींनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरायला लागल्या.

चौकीवर एक वयस्क हवालदार गाडीत बसला, उत्तरेकडचा. सतराव्या मैलाला धुकं फाटलं होतं. गाडी थांबली. मी, मावशी, हवालदार आणि कर्मा उतरलो. मला वाटलं होतं पिशवीतून हार निघेल, नारळ निघेल. पिशवीत काहीच तसलं नव्हतं.

कर्मानं खाली बोट दाखवलं. "तब का रास्ता वो है, नीचे वाला. अभी बंद है."

पन्नासेक फूट खाली गवतानं झाकलेली जुन्या रस्त्याची पट्टी दिसत होती. तिच्या खाली दगडगोट्यांचा उतार, खुरटी झुडपं, आणि तळाला एक ओढा, चांगला खळाळत वाहणारा. जुन्या रस्त्यापासून ओढा फार तर तीन-चार ताडांएवढा खाली असेल.

मावशी कठड्यावर वाकल्या. पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "लय खोल न्हाई की ओ, म्याडम. मी केवढी दरी धरून चालली हुती." आणि मग त्यांचा आवाज चढला. "आन् एवढ्यावर उतरता येईना त्यास्नी? एवढ्यावर?"

हवालदारानं मला विचारलं, माताजी काय म्हणतात? मी सांगितलं. तो मावशींच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माताजी, अभी घास है, इसलिए आसान दिखता है. जनवरी में ये पूरा काँच हो जाता है. बिना रस्सी जो उतरा, वो भी गया."

मी मराठीत सांगायला लागले. त्यांनी हातानं मला थांबवलं. समजलं होतं.

"ह्यो पान्याचा आवाज," त्या म्हणाल्या. "ह्या आवाजात खालचं वर काय आयकू येनार? इचारा त्येला."

मी विचारलं. माझं मन म्हणत होतं, तो 'नाही' म्हणू दे. नाही म्हणाला की चाळीस वर्षांपूर्वीचा तो माणूस खोटा ठरेल, जागीच मृत्यू खरा ठरेल, आणि ही बाई घरी जाऊन स्वस्थ झोपेल. हवालदारानं खाली पाहिलं.

"जाड़े में नाला जम जाता है, माताजी. पानी का आवाज़ ही नहीं रहता. बर्फ गिरती है तो इतना सन्नाटा होता है कि नीचे कोई खाँसे तो ऊपर सुनाई देता है."

"नीचे का ऊपर," मावशी म्हणाल्या. "और ऊपर का नीचे?"

"ऊपर का भी नीचे. सब सुनाई देता है."

मावशींनी कठड्याचा दगड दोन्ही हातांनी धरला. रडल्या नाहीत. ओठ हलत होते, पण काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं नाही. हवालदारानं घड्याळ बघितलं, बाही पुन्हा खाली केली, आणि आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग मावशीच वळल्या. "चला," म्हणाल्या.

गाडीत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, तेही खिडकीकडं बघत. "त्यो खरं बोलत हुता आन् मी त्येला पानी पिऊ दिलं न्हाई."

परत आल्यावर मेस दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. मावशी शांत झाल्या, असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. उलट पंधरा दिवस त्यांचा पाय कुठंच ठरेना. भाजीत मीठ दोनदा पडायचं. पंगत वाढता वाढता त्या मध्येच बाहेर जाऊन रस्त्यावर उभ्या राहायच्या. मंडईत, एसटी स्टँडवर, जो इस्लामपूरकडचा भेटेल त्याला विचारायच्या, फौजेतला बाबूराव, ड्रायव्हर, जिता हाय का? शेवटी आमच्या सहलीतल्या एका निवृत्त गुरुजींनीच पत्ता लावला. जिता होता. बायको वारली होती, पोरं पुण्याला, म्हातारा वस्तीवर दोन म्हशी धरून एकटाच होता.

जूनच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी मावशी माझ्या दारात. "म्याडम, तुमची स्कूटी काढा."

इस्लामपूर ओलांडून उसाच्या मधल्या कच्च्या रस्त्यानं आम्ही गेलो. वस्तीच्या अलीकडं चिखल होता, म्हणून मी गाडी बांधावर थांबवली. मावशी उतरल्या, पदर सारखा केला. मी विचारलं, मी पण येऊ का? त्या नको म्हणाल्या.

मला बांधावरून सगळं दिसत होतं. अंगणात बंडी घातलेला एक म्हातारा म्हशीपुढं वैरण टाकत होता. मावशी कुडाजवळ थांबल्या. त्यानं मान वर करून पाहिलं, ओळखलं नाही.

"कोन पायजे?"

"मी संपतची मंडळी."

त्याच्या हातातली वैरण तशीच राहिली. मग ती त्यानं हळूच खाली ठेवली, हात धोतराला पुसले, आणि डोक्याची टोपी सारखी केली, एखादा साहेब समोर आल्यासारखी.

"वैनी, आत या," तो म्हणाला. "आत या की."

"येती," मावशी म्हणाल्या, पण तिथंच उभ्या होत्या. "म्या जाऊन आली तितं. सतराव्या मैलाला. तुमी खरं बोलला हुता."

म्हाताऱ्याचा खालचा ओठ थरथरायला लागला, तो त्यानं दातांत धरला.

"त्येनं काय हाका मारल्या ते नगा सांगू मला," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, बांधावर स्वच्छ येत होता. "तुमी वरनं काय बोलला त्येच्याशी, ते सांगा. सांजच्यापास्नं उजाडूस्तोवर. समदं सांगा. मला घाई न्हाई."

बाबूराव आत गेला आणि एक बाजलं ओढत बाहेर आला. ते त्यानं अंगणात आंब्याखाली टाकलं. स्वतः समोर जमिनीवर उकिडवा बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि बोलायला लागला. हळू बोलत होता, त्यामुळं मला काही ऐकू येत नव्हतं. मावशी बाजल्यावर बसून, वाकून ऐकत होत्या.

दिवस मावळताना न्यायला येऊ, असं ठरवून मी गाडी वळवली.